थकल्या पायांचा भाडेकरू



घर भाड्यानें देणें हा रोकड व्यवहार आहे. त्याविषयीं मंडळीच्या पत्रांत काय लिहावयाचें, असें कोणास वाटेल. परंतु ज्या व्यवहारांत एकाच्या हातीं किल्ली असते व दुसऱ्याच्या हातीं काठी असते, तो विवेकाचाहि विषय होतो. ज्याचे पाय थकले आहेत अशा वृद्ध मनुष्यास आपली रिकामी खोली देणें हें ख्रिस्ती मनुष्याचें कितपत कर्तव्य आहे? आणि "आमच्या घरीं आपले हाल होतील," असें गोड शब्दांत सांगून त्यास परत पाठविणें ही दया आहे, कीं दुसरेंच कांहीं आहे? हा प्रश्न आज आम्ही आपणांपुढें ठेवितों.

तो आम्हांस पुस्तकांतून सुचला नाहीं. ह्या बाबतींत आमच्या हातून एक चूक घडली आहे. ती आधीं सांगितली पाहिजे.

एका तालुक्याच्या गांवीं आमच्या ओळखीच्या एका बंधूच्या घरालगत एक खोली रिकामी होती. उपासनामंदिर तेथून हाकेच्या अंतरावर, व सरकारी दवाखानाहि जवळच. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई ती खोली विचारावयास आल्या. त्यांनीं तीस वर्षें खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत मुलें शिकविलीं होतीं. निवृत्तिवेतन मिळत होतें, म्हणून भाडें थकण्याची भीति नव्हती. परंतु दोन्ही गुडघे निकामी झालेले. हातांतला वॉकर पुढें ठेवावयाचा व मग एकेक पाऊल टाकावयाचें, अशी त्यांची चाल होती. "विचार करून कळवितों," असें बंधूनें सांगितलें, व संध्याकाळीं तो आमच्याकडे सल्ल्यास आला. जोतें उंच, संडास अंगणाच्या पलीकडे, रात्रीं बाई पडल्या तर बोल कोणावर येईल, अशी त्याची अडचण होती. आम्हीं खोली पाहिलेली नव्हती. बाईंशीं एक शब्दहि बोललों नव्हतों. तरी शहाणपणाचा आव आणून आम्हीं म्हटलें, "नसती जोखीम कशाला घेतां?" दुसऱ्या दिवशीं त्यानें बाईंस मोठ्या नम्रतेनें सांगितलें, "बाई, आमच्या घरीं आपले हाल होतील." बाई रागावल्या नाहींत. त्या इतकेंच म्हणाल्या, "हाल कोठें होतात हें माझ्या गुडघ्यांस ठाऊक आहे. तुम्ही मला एकदां खोली तर दाखवायची होती."

त्या गांवीं त्यांस दुसऱ्या कोणीहि जागा दिली नाहीं. अखेर त्या दूरच्या एका वस्तीवर पुतण्याकडे गेल्या. पुतण्या भला आहे. परंतु तेथून दवाखाना लांब, मंडळी लांब, आणि आपल्या पैशानें आपल्या दाराआड राहावयाचें जें समाधान त्यांस हवें होतें, तेंहि गेलें. त्यांचें तें एक वाक्य मात्र आमच्या मनांतून गेलें नाहीं.

आतां असे वृद्ध भाडेकरू कोठून येतात, हें पाहूं. २०११ सालच्या जनगणनेंत साठ वर्षें व त्याहून अधिक वयाचे लोक भारतांत दहा कोटींहून जास्त भरले. त्याच जनगणनेंत चालण्याफिरण्याचें अपंगत्व असलेल्या सर्व वयांच्या लोकांची संख्या सुमारें ५४ लाख नोंदली गेली. परंतु जो म्हातारा मनुष्य गुडघ्यांमुळें जिना टाळतो व ओट्याला धरून उतरतो, तो स्वतःस अपंग म्हणवीत नाहीं. असे लोक प्रत्येक गांवांत आहेत व प्रत्येक मंडळींत आहेत.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ जण तरुणपणीं पोटासाठीं मुंबईस गेले. वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथील बी. डी. डी. चाळी शंभर वर्षांपूर्वीं बांधल्या गेल्या. तळमजला व त्यावर तीन मजले, एकेका बिऱ्हाडास एकेक खोली, संडास सामाईक, आणि वर जाण्यास जिन्याखेरीज मार्ग नाहीं, अशी त्यांची रचना होती. अशाच दुसऱ्या किती तरी चाळींत कामगारांनीं जन्म काढला. पाळी संपवून आलेला पंचविशींतला मनुष्य तो जिना धांवत चढे. चाळीस वर्षांनीं जिना तोच, पायऱ्या तितक्याच. परंतु त्याच मनुष्यास खालीं उतरून भाजी आणणें म्हणजे दिवसभराचें काम होऊन बसलें. १९८२ सालच्या गिरणीसंपानंतर कित्येक गांवीं परतले, तर तेथें वडिलांचें घर भावाभावांत वाटलें गेलेलें. मिशनच्या आवारांतील घरांत राहून सेवा केलेले सुवार्तिक, शिक्षक व परिचारिका ह्यांपैकीं कित्येकांनीं तर स्वतःचें घर कधीं बांधलेंच नाहीं. हीं सर्व माणसें म्हातारपणीं तालुक्याच्या गांवीं, जेथें दवाखाना, बाजार व मंदिर जवळ असेल अशी एखादी खोली शोधीत येतात.

दुसरा एक प्रकार आपण विसरतों. कित्येक भाडेकरू आपल्याच खोलींत म्हातारे होतात. ते आले तेव्हां पाण्याच्या दोन घागरी घेऊन आपल्या पायऱ्या चढत होते. त्यांनीं वर्षानुवर्षें भाडें दिलें. आपलीं मुलें त्यांच्या मांडीवर खेळलीं. आतां ते भिंतीला धरून चालूं लागले, म्हणून त्यांस दुसरी जागा पाहावयास सांगण्याचा मोह आपणांस होतो. जो दारांत नवा आला आहे त्याच्याविषयींचें आपलें ऋण जर विचार करण्याजोगें असेल, तर जो आपल्या छपराखालीं थकला त्याच्याविषयींचें ऋण त्याहून मोठें आहे.

कायदा ह्याविषयीं काय सांगतो, असें कोणी विचारील. २००७ सालीं आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा कायदा झाला; त्यानें मुलांवर व कांहीं नातेवाइकांवर भार घातला आहे, घरमालकावर नाहीं. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें सार्वजनिक इमारती सर्वांस वापरतां याव्यात असें ठरविलें. परंतु तालुक्याच्या गांवांतील एका खाजगी खोलीच्या उंबरठ्यापर्यंत त्याचा हात क्वचितच पोहोंचतो. १९९९ सालच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें करार लेखी व नोंदलेला असावा, व ती जबाबदारी मालकाची, असें सांगितलें आहे. खोली वृद्धास द्यावी कीं तरुणास, हें त्यांत नाहीं. म्हणजे आपल्या दाराशीं येऊन कायदा बहुतेक थांबतो, व तेथून पुढें विवेकानेंच वाट दाखवावी लागते.

मग शास्त्र काय सांगतें? लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत पिकल्या केंसांचा मान राखण्याची आज्ञा आहे, आणि आंधळ्याच्या वाटेंत अडखळण ठेवूं नये अशीहि आज्ञा आहे. दोन्ही आज्ञा एकाच अध्यायांत आहेत, हें आम्हांस महत्त्वाचें वाटतें. पहिली आज्ञा आपण बऱ्यापैकीं पाळतों. उपासनेस वृद्ध मनुष्य आला कीं त्यास खुर्ची देतों, प्रीतिभोजनांत त्याचें पान आधीं वाढतों. परंतु दुसरी आज्ञा घराच्या दगडधोंड्यांविषयीं आहे, व ती पाळावयास हातांत फावडें व थापी घ्यावी लागते. रविवारीं ज्यास आपली खुर्ची दिली, त्यास सोमवारीं खोली नाकारली, तर त्या मानाचा त्यास काय उपयोग?

ह्याहूनहि स्पष्ट असा एक नियम अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत आहे. जो नवें घर बांधील त्यानें धाब्यास कठडा करावा. न केल्यास व कोणी वरून पडल्यास त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. आपल्याकडे मराठवाड्यांत व नगराकडे धाब्याचीं घरें आहेत. त्यांवर धान्य व मिरच्या वाळत घालतात, उन्हाळ्यांत लोक निजतात. म्हणून हा नियम आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. परंतु त्यांतील एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. मनुष्य धाब्यावरून पडूं नये ह्याचे दोन उपाय आहेत. एक, कोणास वर चढूंच देऊं नये. दुसरा, कठडा बांधावा. देवाच्या नियमशास्त्रानें पहिला उपाय सांगितला नाहीं, दुसरा सांगितला. पडण्याची भीति खरी आहे हें शास्त्र मान्य करतें, दोष घरावर येतो हेंहि मान्य करतें, आणि मग त्या भीतीपोटीं पाहुण्यास बाहेर ठेवावयास न सांगतां मालकास काम सांगतें.

आमची चूक नेमकी येथें झाली. "बाई पडल्या तर?" हा बंधूचा प्रश्न योग्यच होता. परंतु त्या प्रश्नाचें उत्तर गवंड्यास विचारावयाचें होतें, तें आम्हीं भीतीस विचारलें. आणि त्या भीतीस दयेचें नांव दिलें, हा त्याहून मोठा दोष. कारण बाई पडल्या तर त्यांचें हाड मोडेल ह्याची आम्हांस जितकी चिंता होती, त्याहून अधिक चिंता बोल लागेल ह्याची होती. हें आम्हीं तेव्हां कबूल केलें नाहीं; आतां करतों.

येथें कोणी म्हणेल, "समजा कठडा बांधला, तरी म्हातारपणीं एकटें राहणें धोक्याचेंच. जें त्या बाईस कळत नाहीं तें आपणांस कळतें, तर तिचें हित आपण पाहूं नये काय?" ह्या म्हणण्यांत प्रीति असूं शकते, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. आमचें मत असें आहे कीं, घर कसें आहे हें खरें सांगणें व तें शक्य तितकें निर्धोक करणें हें मालकाचें काम. त्या घरांत राहावें कीं नाहीं हें ठरविणें ज्यास राहावयाचें त्याचें काम. ज्या बाईंनीं पावसाळ्यांत ओढे ओलांडून शाळा चालविल्या, त्यांस धोका म्हणजे काय हें आमच्याकडून शिकावयाचें नव्हतें. दवाखाना दूर असण्याचा धोका, एकलेपणाचा धोका, आणि तीन पायऱ्यांचा धोका, हे तिन्ही त्यांनीं मनांत तोलले होते. आम्हीं त्यांतला एकच पाहिला, कारण तेवढाच आमच्या अंगावर येणारा होता. योहानाच्या शेवटच्या अध्यायांत प्रभु पेत्रास सांगतो कीं, म्हातारपणीं दुसरा कोणी त्याला बांधून नको तेथें घेऊन जाईल. तें पेत्राच्या भावी दुःखाविषयीं सांगितलें आहे. वृद्धांस त्यांच्या मनाविरुद्ध इकडून तिकडे हलविण्याची परवानगी त्या वचनांत कोणास मिळत नाहीं.

आतां कठडा म्हणजे आपल्या घरांत काय, तें पाहूं. त्या बाई गेल्यानंतर एके दिवशीं बंधु व आम्ही टेप घेऊन त्या खोलीपुढें बसलों. आपल्या जोत्याच्या पायऱ्या किती उंच आहेत हें त्या दिवसापर्यंत त्या बंधूस ठाऊक नव्हतें. जन्मभर तो त्या चढत आला होता. तीन पायऱ्या, प्रत्येक नऊ इंच; म्हणजे सत्तावीस इंच चढ. चाकाच्या खुर्चीसाठीं उतार करावयाचा तर सरकारी मार्गदर्शक नियमांप्रमाणें एक फूट चढास बारा फूट लांबी लागते. ह्या हिशेबानें सत्तावीस फूट. अंगणांत तितकी जागा नव्हती. पुष्कळ मालक येथेंच थांबतात व "आमच्याकडे जमत नाहीं" असें म्हणतात. परंतु वॉकर घेऊन चालणाऱ्यास नेहमीं उतारच लागतो असें नाहीं. त्यास बहुधा उथळ व रुंद पायरी पुरते. गवंड्यानें तीन पायऱ्यांच्या पांच केल्या; प्रत्येकीची उंची साडेपांच इंचांहून कमी आली, व वॉकरचे चारहि पाय टेकतील इतकी रुंदी ठेवली. दोन्ही बाजूंस कमरेइतक्या उंचीचा लोखंडी नळ बसविला. दाराचा उंबरठा तासून फरशीशीं सारखा केला. मोरींतली व संडासाच्या वाटेवरची शहाबादी फरशी पावसाळ्यांत शेवाळानें निसरडी होते, म्हणून ती टाचून खडबडीत केली. संडासाच्या भिंतींत धरावयास एक आडवा नळ पक्का बसविला. अंगणांत दिवा लावला व त्याचें बटण खाटेजवळ आणलें. आंतली कडी अशी बदलली कीं अडचणीच्या वेळीं ती बाहेरूनहि उघडतां यावी. सर्व मिळून खर्च तीन महिन्यांच्या भाड्याइतका झाला. जें काम होणार नाहीं असें आम्हीं न पाहतां ठरविलें होतें, तें पाहिल्यावर आठवड्याभरांत झालें.

प्रत्येकास इतकें करतां येईल असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्या मंडळ्यांत अशा विधवा आहेत, ज्यांची एक खोली हीच त्यांची शेती. तीन महिन्यांचें भाडें त्यांनीं कोठून आणावें? अशा ठिकाणीं खर्चाची वांटणी करणें न्यायाचें होईल. भाडेकरूनें कांहीं भार उचलावा, मालकिणीनें कांहीं, आणि मंडळीनें आपल्या वर्गणींतून व श्रमदानानें कांहीं. तरुण संघाच्या मुलांनीं दोन दिवस विटा वाहिल्या, तर तें सुवार्तेचेंच काम होय. कोणी म्हणेल, "आमच्या भिंतींस भोकें पडतील, घराची शोभा जाईल." त्यानें मार्काच्या दुसऱ्या अध्यायांतील कफर्णहूमचें घर आठवावें. दारांत इतकी गर्दी होती कीं ज्यास चालतां येत नव्हतें त्यास आंत जागा उरली नाहीं. मग चौघांनीं छप्पर उकललें. त्या छपराचें पुढें काय झालें हें शुभवर्तमानांत लिहिलेलें नाहीं. पक्षघाती मनुष्य आपल्या पायांनीं बाहेर गेला हें मात्र लिहिलें आहे.

एका गोष्टीची सावधगिरी मात्र सांगावीशी वाटते. कित्येक दयाळू माणसें अशा वेळीं म्हणतात, "बाई, भाड्याचें काय तें राहूं द्या, आमच्याकडे आपल्या आईसारख्या राहा." हें ऐकावयास गोड आहे, व ज्याच्याजवळ खरोखरच कांहीं नाहीं त्यास असा आश्रय देणें हें पुण्यच. परंतु ज्यास भाडें देतां येतें त्याचें भाडें नाकारूं नये. भाडें देणारा मनुष्य आपल्या दारास आंतून कडी लावूं शकतो, आपल्या पाहुण्यास बोलावूं शकतो, नळ गळला तर सांगूं शकतो. फुकट राहणाऱ्यास हें सर्व मागतांना जीभ अडखळते. प्रेषित पौल रोम येथें पहाऱ्यांत असतांनाहि दोन वर्षें आपल्या भाड्याच्या घरांत राहिला, व तेथें येणाऱ्या सर्वांचें तो स्वागत करी, असें प्रेषितांच्या कृत्यांच्या शेवटीं आहे. दाविदानें दोन्ही पायांनीं लंगड्या मफीबोशेथास आपल्या पंक्तीस बसविलें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याआधीं त्यानें त्याच्या आजोबाची जमीन त्यास परत दिली, हें आपण विसरतों. पंक्तीचा मान दिला व त्याच्या हक्काचेंहि त्यास दिलें. म्हणून योग्य भाडें घ्यावें, पावती द्यावी, आणि पाय थकले म्हणून एक पैसाहि अधिक मागूं नये.

आणखी एक विषय अकरा महिन्यांचा. आपल्याकडे बहुतेक करार अकरा महिन्यांचे करण्याची वहिवाट आहे. तितकेच महिने असावेत असा कायद्याचा आग्रह नाहीं. ती आपली सोय आहे. तरुण बिऱ्हाड अकरा महिन्यांनीं टेम्पो भरून दुसरीकडे जातें व आठवड्यांत रुळतें. परंतु वृद्ध मनुष्यानें ह्या खोलींत अंधारांतून संडासापर्यंत किती पावलें आहेत तें मोजून ठेविलेलें असतें. भिंतीचा कोपरा कोठें येतो हें त्याच्या हातास ठाऊक झालेलें असतें. त्यास हलविणें म्हणजे जें थोडें चालणें उरलें आहे तेंहि काढून घेणें होय. दहावा महिना लागला कीं त्याची झोंप उडते. म्हणून ज्यास शक्य असेल त्यानें अधिक मुदतीचा करार करावा, तो रीतसर नोंदवावा. आणि जागा परत हवी झाली तर पुष्कळ आधीं सांगावें, व दुसरी जागा शोधावयास स्वतः बरोबर फिरावें.

ह्यावर खरी अडचण अशी कीं, पुढें काय? आज चालणारा मनुष्य उद्यां अंथरुणास खिळेल, तेव्हां त्याचें कोण करणार? घरमालक हा मुलगा नव्हे, व त्यानें मुलगा व्हावें असें आम्ही म्हणत नाहीं. जो सर्वच भार घेण्याचें वचन देतो तो पुष्कळदां पहिल्याच संकटांत माघार घेतो. म्हणून आरंभींच दोघांनीं बसून स्पष्ट बोलावें. नातेवाईक कोण व त्यांचा दूरध्वनि क्रमांक काय, औषधें कोणतीं, रात्रीं हांक मारली तर कोण येईल, आजार लांबला तर कोठें जावयाचें, हें सर्व लिहून ठेवावें. भाडेकरूनेंहि आपली खरी स्थिति लपवूं नये. दोनदां पडलों असलों तर दोनदां पडलों असें सांगावें. मालकानें घराविषयीं सत्य सांगावें, भाडेकरूनें देहाविषयीं. उरलेला भार मंडळीचा आहे, रोज सकाळीं एकानें दारावरून जातांना "कसें काय, बाई?" असें विचारणें ह्यास कोणताहि निधि लागत नाहीं.

कांहीं जण तोंडानें म्हणत नाहींत, परंतु त्यांच्या मनांत असतें कीं, परक्याचें मरण आपल्या घरांत नको. मग ती खोली कोणी घेत नाहीं. ही समजूत आपल्या आसपास आहे, व आपणहि तींतून पुरते सुटलों नाहीं. ज्या प्रभूवर आपण विश्वास ठेवितों त्यानें मरणाचें भय घालविलें असें आपण दर पुनरुत्थानदिनीं कबूल करतों. जर एखादा जुना शिष्य आपल्या खोलींत शांतपणें प्रभूकडे गेला, तर त्या खोलीस विटाळ होत नाहीं. तेथें दुसऱ्या बिऱ्हाडास ठेवावयास आपण कां भ्यावें?

मग "नाहीं" कधींच म्हणूं नये काय? तसें नाहीं. खोली माडीवर असेल व तिला लांकडी शिडीच असेल, तर ती खोली कितीहि प्रीतीनें खालीं येणार नाहीं. एकाच खोलीसाठीं म्हातारी बाई व लेंकुरवाळें गरीब कुटुंब अशीं दोघें आलीं, तर कोणास द्यावी ह्याचा एकच नियम आम्हांस सांगतां येत नाहीं. तेथें दोघांचीहि गरज खरी आहे, व प्रार्थना करून निवड केली पाहिजे. परंतु "नाहीं" म्हणण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्यात. खोली उघडून दाखवावी. काय बदलतां येईल व काय येणार नाहीं हें खरें सांगावें. आणि नकार द्यावाच लागला तर दारांतूनच निरोप न देतां दुसऱ्या घरापर्यंत बरोबर जावें. असा नकार मिळालेला मनुष्य दुःखी होईल, परंतु अपमानित होणार नाहीं. आम्हीं त्या बाईंस ह्या तिहींपैकीं एकहि गोष्ट दिली नाहीं.

शेवटीं आमच्या सुवार्तिक बंधूंस व पाळकांस एक विनंति आहे. दुसऱ्याच्या उंबरठ्याविषयीं बोलण्यापूर्वीं मंदिराच्या दाराकडे पाहावें. आपलीं पुष्कळ जुनीं मंदिरें उंच जोत्यावर आहेत, व पायऱ्यांस धरावयास कांहीं नाहीं. जे उपासनेस येईनासे झाले त्यांस आपण कधीं कधीं विश्वासांत थंड झालेले समजतों; त्यांतील किती जण केवळ पायऱ्यांमुळें घरीं राहिले, हें कोणी विचारलें आहे काय? येत्या रविवारीं टेप घेऊन जावें व मोजावें. मग घरोघर भेटीस जातांना रिकाम्या खोल्या कोणाकडे आहेत व जागेच्या शोधांत कोण आहे, ह्याची एक वही ठेवावी.

त्या बंधूची खोली तयार आहे. चुना वाळला, नळ बसले, अंगणांतला दिवा रात्रीं लावून पाहिला. बाईंस आम्हीं दोघांनीं मिळून पत्र लिहिलें आहे. त्यांत क्षमा मागितली आहे, पायऱ्यांची उंची इंचांत लिहिली आहे, भाडें काय तें लिहिलें आहे, आणि एकदां येऊन खोली पाहावी व मग आपण ठरवावें, अशी विनंति केली आहे. उत्तर अजून आलें नाहीं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत ती खोली दुसऱ्या कोणास द्यावयाची नाहीं, असें बंधूनें ठरविलें आहे. वाचकांनीं त्या बाईंसाठीं व आमच्यासाठींहि प्रार्थना करावी.